सवा, साडे, पावणे: सेलवरच्या वेस्टमिन्स्टर मशीनची कानाने केलेली पारख

मराठीत तासाचे चार तुकडे बोलता बोलताच पडतात: सवानऊ, साडेनऊ, पावणेदहा, दहा. पण वऱ्हाडातल्या जुन्या घरांच्या बैठकीत टांगलेल्या ठोक्यांच्या बहुतेक घड्याळांना एवढं बोलता येत नाही. जितके वाजले तितके ठोके, आणि अर्ध्याला एक. म्हणजे साडेबाराला एक ठोका, एक वाजता एक ठोका, दीडला पुन्हा एकच ठोका. चुलीपाशी बसलेल्या बाईने यातून काय ओळखायचं? चार भागांची धून वाजवणारं घड्याळ नेमकी ही अडचण सोडवतं. म्हणूनच जुन्या सागवानी पेटीतलं मशीन कायमचं बंद पडलं की तिच्यात सेलवरचं ‘वेस्टमिन्स्टर मशीन’, म्हणजे लंडनच्या संसद भवनाच्या मनोऱ्याची धून वाजवणारं मशीन, बसवून घ्यायची पद्धत पडली आहे.

हे परीक्षण त्या सुट्या मशीनचं. बहुतेकदा नाव नसलेल्या पांढऱ्या खोक्यात येतं. मागे सेलची जागा, वायरीने जोडलेला दोन-अडीच इंची स्पीकर, खाली लोलक अडकवायचा आकडा, बाजूला आवाजाची चकती आणि एखाद-दुसरं सरकतं बटण. जिल्ह्याच्या गावी घड्याळाच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं, ऑनलाइनही मागवता येतं. किमती खेपेगणिक बदलतात म्हणून आकडा देत नाही. साध्या सेलच्या मशीनपेक्षा कितीतरी पट महाग पडतं, एवढं धरून चाला.

निकाल आधीच सांगून टाकतो. पाव-पाव तासाला वाजणारं मिळालं तर जरूर घ्या. फक्त पूर्ण तासाला वाजणारं असेल तर राहू द्या, मग खोक्यावर वेस्टमिन्स्टर मनोऱ्याचं कितीही देखणं चित्र असो. आणि बाजारात दुसऱ्या प्रकारचाच भरणा जास्त आहे.

असं का, ते धून कशी बांधली आहे हे कळल्यावर उमगतं. सगळी मिळून सुरांची संख्या चार. इंग्रजी नावांनी जी-शार्प, एफ-शार्प, ई आणि त्याखालचा बी. ई ला षड्ज म्हणजे सा मानला तर हे झाले ग, रे, सा आणि मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम (प़). भूप ऐकलेल्याच्या लगेच ध्यानात येईल की यात फक्त धैवत नाही. या चार सुरांची उलटापालट करून पाच तुकडे केले आहेत:

पहिला: ग रे सा प़
दुसरा: सा ग रे प़
तिसरा: सा रे ग सा
चौथा: ग सा रे प़
पाचवा: प़ रे ग सा

सवाला फक्त पहिला वाजतो. साडेला दुसरा आणि तिसरा. पावणेला चौथा, पाचवा आणि पुन्हा पहिला. पूर्ण तासाला दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, मग जरा थांबून तासाचे ठोके. म्हणजे सवाला ४ सूर, साडेला ८, पावणेला १२ आणि तासाला १६. तासाभरात ४० सूर, दिवसभरात ९६०. तासांचे ठोके वेगळे, ते दिवसाला १५६.

आता प्रत्येक वेळेचा शेवटचा सूर पाहा. सवा आणि पावणे संपतात मंद्र पंचमावर. साडे आणि पूर्ण तास संपतात षड्जावर. पंचमावर थांबलेली धून कानाला अर्धवट लागते, काहीतरी राहिलंय असं वाटतं. षड्जावर आली की बसली. त्यामुळे गोठ्यातून ढेप घालून परत येणाऱ्याला अख्खी धून ऐकू आली नाही, नुसती शेपटी कानावर पडली, तरी वेळ सवा-पावणेची आहे की साडे-पुऱ्याची, हे कळतं. अख्खी धून ऐकली तर सवा आणि पावणे यांतही गोंधळ होत नाही, कारण सवा चार सुरांत आटोपतं. हे सगळं काम पाव तासाच्या वाजण्यात आहे. फक्त तासाला वाजणाऱ्या मशीनमध्ये दुसरा ते पाचवा तुकडा तेवढा ऐकू येतो. पहिला, सगळ्यांत साधा उतरता तुकडा, आयुष्यभर वाजतच नाही.

धून मुळात वेस्टमिन्स्टरची नाहीच. १७९३ मध्ये केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज या चर्चच्या घड्याळासाठी ती बांधली गेली. केंब्रिजचे कायद्याचे प्राध्यापक जोसेफ जॉवेट यांचं नाव सहसा तिच्याशी जोडलं जातं, आणि संगीतकार हँडेलच्या एका रचनेतल्या सुरांवरून ती बेतली असंही सांगतात. लंडनच्या संसद भवनाच्या मनोऱ्याने ती १८५९ मध्ये घेतली आणि मग जगभर त्याच नावाने पसरली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमध्ये (बांधकाम १८६९ ते १८७८) एकेकाळी सोळा वेगवेगळ्या सुरावटी वाजायच्या, आता दर पाव तासाला एकच वाजते. सोळावरून एकावर आले याची हळहळ करणारे पुष्कळ भेटतात. वेळ कळायच्या दृष्टीने पाहिलं तर एकच बरी.

याच कसोटीवर आहेरात येणारी प्लास्टिकची म्युझिकल घड्याळं नापास होतात. दर तासाला वेगळी धून, बारा तासांत बारा, मध्येच कोकिळा, कुठे मंत्र. ऐकायला पहिले आठ दिवस मजा, नंतर कोणत्या तासाला काय वाजतं हे पाठ केल्याशिवाय उपयोग शून्य, आणि पाठ कोणीच करत नाही. त्यातली स्वस्त घड्याळं एखाद्या तीन पायांच्या धुनेच्या चिपवर चालतात, शुभेच्छापत्रात असते तसली. आवाज शिट्टीसारखा, आणि सेल उतरला की सूरही उतरतो. त्यांच्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

मशीन दुकानात तपासायचं ते असं. सेल घालून मिनिटकाट्याचा दांडा पुढच्या दिशेने हळू फिरवा. प्रत्येक पावाला थांबा, धून पूर्ण संपू द्या, मग पुढे. भराभर फिरवलं तर चांगलं मशीनही गोंधळतं आणि दुकानदार तुमच्यावर ढकलून मोकळा होतो. तीनवर ४, सहावर ८, नऊवर १२, बारावर १६ सूर आणि मग ठोके मोजा. एवढ्याने समाधान होत नसेल तर गावच्या भजनी मंडळाच्या हार्मोनियमवर पांढरी एकला सा धरा: सवाचा तुकडा म्हणजे पांढरी तीन, दोन, एक आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच. मशीनची पट्टी वेगळी असू शकते, त्याला हरकत नाही. सुरांमधलं अंतर तेच हवं. काही मशीनमध्ये शेवटचा मंद्र पंचम पुरेसा खाली जात नाही. इतक्या छोट्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत, म्हणून तो कुजबुजल्यासारखा येतो. लाकडी पेटीत बसवल्यावर थोडा सुधारतो. पण दुकानात अजिबातच ऐकू येत नसेल तर घरीही येणार नाही.

तासाचा ठोका षड्जाच्याच सुरात, पण एक सप्तक खाली असायला हवा. लंडनची खरी घंटा, बिग बेन, १८५९ सालीच तडकली. ती थोडी फिरवून आणि हातोडा हलका करून पुन्हा सुरू केली, आणि आजही तडा घेऊनच वाजते. तेव्हा मशीनचा ठोका जरासा फुटका लागला म्हणून परत करायची घाई करू नका. परत करायचं ते ठोक्यांचा हिशोब चुकत असेल तर.

ठोक्यांचा हिशोब मशीन दोन प्रकारे ठेवतं. चांगल्या मशीनमध्ये तासाच्या चक्राला खूण असते आणि काटा जिथे असेल तेवढेच ठोके पडतात. काटे फिरवले तरी चूक होत नाही. दुसऱ्या प्रकारात आतली चिप नुसती मोजत राहते. सेल काढला की ती विसरते आणि पुन्हा बटण दाबून सांगावं लागतं की आता चार वाजलेत. ओळखायला सोपं: सात वाजवून घ्या, सेल काढा, मिनिटभराने घाला आणि आठपर्यंत फिरवा. आठ पडले तर पहिला प्रकार. दुसरा प्रकार वाईट नाही, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दर वेळी सेल बदलल्यावर ते बटण दाबत बसणं जमत नाही, आणि मग तीन वाजता अकरा ठोके देणारं घड्याळ वर्षभर तसंच लटकत राहतं.

रात्री गप्प बसण्याची सोय हा सगळ्यांत जास्त तक्रारींचा भाग. काही मशीनमध्ये घड्याळानुसार ठरलेले तास असतात, साधारण रात्री दहा ते पहाटे पाचच्या आसपास. यात चिपला दिवस-रात्र उलटी कळली तर घड्याळ दिवसा मुकं आणि रात्री बोलकं होतं. बिघाड काही नाही, बारा तास पुढे फिरवलं की सरळ होतं. दुसऱ्या प्रकारात उजेड ओळखणारी बारीक काच बसवलेली असते: अंधार झाला की गप्प. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे ठीक चालतं. आपल्याकडे नाही. जाड मातीच्या भिंतींच्या, एका झरोक्याच्या माजघरात भर दुपारीही तिला अंधारच वाटतो. संध्याकाळी लोडशेडिंग झालं की घड्याळ मुकं, म्हणजे जेव्हा काटे दिसत नाहीत आणि कानाचीच गरज असते, नेमकं तेव्हा. उलट झिरोच्या बल्बजवळ टांगलं तर रात्रभर वाजतं. उजेडाच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून ती कायमची बंद करणं हा उपाय नव्हे. तेवढ्याने मशीन कायमचंच मुकं होईल. काच काढून समोरच्या दारातून उजेड येईल अशी पेटीच्या कडेला सरकवता येते, वायर बहुतेकदा पुरते.

आणि ज्यांच्या शेतात पंपाची थ्री-फेज लाइन आठवडा-आठवडा रात्रपाळीत येते, त्यांनी रात्री गप्प बसणारं मशीन घेऊच नये. सरकत्या बटणावर ‘सतत’, ‘रात्री बंद’ आणि ‘पूर्ण बंद’ असे तिन्ही पर्याय आहेत का, हे बघून घ्यावं. रात्री साडेबाराला मोटर सुरू करायला उठणाऱ्याला साडेची षड्जावर संपणारी धून मोबाइलच्या गजरापेक्षा बरी, घरातल्या बाकीच्यांना जाग येत नाही.

बसवताना पहिला प्रश्न: जुनं मशीन काढायचंच का? ते चालण्यासारखं असेल तर काढू नका, हे आमचं ठाम मत. पितळेच्या भावाने जुनं मशीन घेऊन जाणारे पुष्कळ फिरतात, आणि एकदा गेलं की त्याच्या मापाचं परत मिळत नाही. काढलंच तर कापडात गुंडाळून पेटीच्याच तळाशी किंवा कोठीत ठेवा, लोलक आणि चावीसकट. मशीन अख्खं बाहेर काढायला धोका नाही. पण कमानीत चावीचा ताण असताना पट्ट्यांचे नट सैल केले तर आतली स्प्रिंग एका झटक्यात सुटते आणि बोटं फाडते. ते काम घड्याळजीचं.

नव्या मशीनला पाठीशी सपाट आधार लागतो. जुन्या डायलचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो आणि मधलं भोक ऐसपैस. त्यामागे ६ मिलिमीटर प्लाय दुहेरी चिकटपट्टीने लावा, खिळे मारू नका. इनॅमलचा डायल असेल तर एका ठोक्यात टवका उडतो. प्लायला मधोमध मशीनच्या दांड्याच्या मापाचं भोक पाडा, सहसा ८ ते १० मिलिमीटर, पण मोजून घ्या. पत्रा आणि प्लाय मिळून ७ मिलिमीटर झाले. त्यावर वॉशर आणि नट बसायला ३-४ मिलिमीटर हवेत. म्हणजे आट्यांची लांबी १० ते १२ मिलिमीटरची मागा. त्याहून लांब घेतली तर काटे पुढे येऊन दाराच्या काचेला घासतात. दार उघडं असताना घड्याळ चालतं आणि लावलं की बंद पडतं, त्याचं कारण दहातल्या सहा-सातदा हेच.

जुने काटे या मशीनवर बसत नाहीत. जुन्या मिनिटकाट्याचं भोक चौकोनी, वरून खीळ घालायची, नव्याचं वेगळं. भोक घासून बसवायचा प्रयत्न करू नका, जुना काटा वाया जातो आणि नवा दांडाही. नवे हलके अॅल्युमिनियमचे काटे घ्या, डायलच्या मिनिटांच्या कड्यापर्यंत पोचतील एवढे. आणि जुना पितळी लोलक? तो या मशीनच्या आकड्याला लावायचा नाही. इथे लोलकाचा वेळेशी काही संबंध नाही, चुंबकाच्या धक्क्याने तो फक्त झुलतो. जड लोलक लावला की झुलणं थांबतं, सेल मात्र खर्च होत राहतात. दिसायला तोच हवा असेल तर त्याची पितळी चकती काढून पातळ पत्र्याची तशीच करून घ्या.

काटे जुळवायची रीत: आधी कोणताच काटा न लावता दांडा पुढे फिरवत न्या, तासाची धून सुरू होईल त्या क्षणी थांबा. पडलेले ठोके मोजा आणि आधी तासकाटा त्या आकड्यावर दाबा. त्यावर मिनिटकाटा बरोबर बारावर बसवा. मग पुढच्या पावापर्यंत नेऊन बघा, सवाची धून मिनिटकाटा तीनवर आल्यावरच सुरू होते का. एखाद्या मिनिटाचा फरक चालतो. दोन-तीन मिनिटं असतील तर मिनिटकाटा उपसून पुन्हा बसवा. नट फार आवळू नका. तासकाटा अडतो आणि मग दर तासाला काही मिनिटं मागे पडतो.

स्पीकर कुठे ठेवायचा यावर अर्धा आवाज ठरतो. मशीनबरोबर आलेल्या दुहेरी पट्टीने तो पेटीच्या मागच्या फळीला चिकटवून देतात, आणि दार लावलं की आवाज काचेमागे कोंडतो. जुन्या डायलवर चावीची दोन भोकं असतात. स्पीकर त्यांच्या मागे, तोंड पुढे करून बसवा. भोकं बुजवायचा प्रश्नही सुटतो. नाहीतर पेटीच्या तळाशी, तोंड खाली करून, खाली अर्ध्या इंचाची पोकळी ठेवून. सागाची फळी मग स्वतःच थोडी वाजते. आलापल्लीच्या सागाच्या पेटीला मात्र स्पीकरसाठी बाजूने भोकं पाडणाऱ्या सुताराला घरात येऊ देऊ नये.

सेलबद्दल. दोन पेन्सिल सेलची मशीनं मिळतात तशी मोठ्या सेलचीही. मोठा सेल घेणारं असेल तर तेच घ्या, कारण स्पीकर काट्यांपेक्षा कितीतरी जास्त ओढतो. सेल उतरायला लागले की आधी धून घोगरी होते किंवा मध्येच तुटते. काटे त्यानंतरही बरेच दिवस चालतात. तेव्हा धून बिघडली की मशीनला दोष देण्याआधी सेल बदला, दोन्ही एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या घड्याळात सेल गळण्याचं प्रमाण वाढतं. साध्या झिंकच्या सेलची गळती आम्लधर्मी असते, ती ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन पुसायची. अल्कलाइन सेलची गळती क्षारधर्मी, तिला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. उलट केलं तर काहीच निघत नाही. नंतर कोरडं करून स्प्रिंगच्या टोकावर बारीक पॉलिश पेपर फिरवा.

वेळेची अचूकता चांगली असते. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. साधारण २५ अंशांना तो सगळ्यांत नेमका असतो. ४५ अंशांत दिवसाला सेकंदभराच्या आसपास मागे पडतो. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा मिनिटभर पुढे केलं की झालं. लोलकाच्या खऱ्या घड्याळात हेच दुखणं मोठं आहे. पोलादी दांड्याच्या लोलकाचं घड्याळ डिसेंबरच्या १२ अंशांना जुळवलं आणि मेमध्ये खोली ४२ अंशांवर गेली, तर दांडा लांबतो आणि घड्याळ दिवसाला सुमारे १५ सेकंद मागे पडतं. पितळी दांडा असेल तर सुमारे २५ सेकंद. लोलकाखालचा नट उन्हाळ्यात थोडा वर आणि हिवाळ्यात खाली करणारी जुनी माणसं उगीच तसं करत नव्हती.

जागा निवडताना कूलर विसरू नका. एप्रिल ते जून कूलरच्या घरघरीत कोणतीही धून बुडते, त्याला इलाज नाही. आवाजाची चकती पूर्ण वर नेली तर स्पीकर फाटका वाजतो. पण कूलरच्या झोताच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ लावणं टाळता येतं. ओलसर हवेने पेटीच्या सांध्यांचा सरस सुटतो, दार फुगून घट्ट होतं आणि सेलच्या पट्ट्या हिरव्या पडतात. आतली, उन्हाची नसलेली भिंत बरी. मातीच्या भिंतीत खिळा कालांतराने ढिला होतो. जुन्या घरांत बांधतानाच बसवलेली सागाची खुंटी असेल तर तिच्यावरच टांगा.

पेटीच्या मागच्या फटी बंद करा. पालींना ही जागा अंडी घालायला फार आवडते, आणि मातीचं घर करणारी कुंभारीण माशी डायलच्या चावीच्या भोकातून आत जाऊन एका आठवड्यात मशीनला लिंपून टाकते. भोकांच्या आतून मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा चिकटवला की आवाज अडत नाही, माशी अडते. जिनिंगच्या गावांत नोव्हेंबरपासून रुईचा बारीक तंतू हवेत असतो, तोही याच कापडावर थांबतो.

हे सगळं वाचून कोणी विचारेल, मग खरं चावीचंच का घेऊ नये? आवाजाच्या बाबतीत तुलनाच होत नाही. तीन चाव्यांच्या जर्मन बनावटीच्या घड्याळात चार हातोड्या चार धातूच्या दांड्यांवर पडतात, दांड्या ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यात घट्ट बसवलेल्या असतात आणि पेटीचं लाकूड त्यांच्याबरोबर घुमतं. तासाच्या ठोक्याला बहुतेकदा दोन-तीन हातोड्या एकदम पडतात, म्हणून तो भरदार लागतो. उजवीकडची चावी धुनेची, मधली वेळेची, डावी ठोक्यांची. वजनांवर चालणाऱ्यात उजवं वजन सगळ्यांत जड असतं, कारण दिवसाला ९६० हातोड्या त्याच्यावर उचलायच्या असतात. चावी आठ दिवस पुरते, म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी तिन्ही चाव्या द्यायच्या असा नेम ठेवला की एक दिवस हातचा राहतो.

पण हे घ्यायचं ते एसटीच्या एका फेरीत पोचता येईल अशा गावात तीन चाव्यांचं मशीन उघडणारा घड्याळजी असेल तरच. मनगटी घड्याळं दुरुस्त करणारा प्रत्येक जण हे करू शकत नाही. परीक्षा सोपी: तो तेल कोणतं घालतो ते विचारा. खोबरेल म्हणाला तर नमस्कार करून निघा. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि इथे जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो. अख्खं मशीन न खोलता रॉकेलमध्ये बुडवून देणाऱ्यालाही तेच उत्तर. वरची घाण निघते, बुशातली, म्हणजे चक्रांचे दांडे फिरतात त्या भोकांतली, तशीच राहते, आणि धुतलेलं मशीन कोरडं चालून भोकं लांबट होतात. घड्याळाचंच तेल, प्रत्येक बुशाला टाचणीच्या टोकावरचा थेंब, चार-पाच वर्षांतून एकदा, आणि चक्रांच्या दातांना अजिबात नाही. दातांवर तेल पडलं की रुई चिकटून त्याचा मलम होतो.

चावीच्या घड्याळातली धून मागे-पुढे झाली, सवाला साडेची वाजली, तर लगेच घड्याळजीकडे धावू नका. मिनिटकाट्याच्या दांड्यावरच्या चकतीला चार उंचवटे असतात आणि पूर्ण तासाचा उंचवटा इतरांपेक्षा उंच. धून चुकली की खटका अडतो, मधले पाव गप्प जातात, आणि पूर्ण तासाच्या उंच उंचवट्याने तो सुटून धून पुन्हा ओळीवर येते. दोन तास वाट पाहा. त्यानंतरही चुकत असेल तर धुनेचा ढोल, म्हणजे हातोड्या उचलणारा फिरता दंडगोल, चुकीच्या जागी बसलाय, बहुधा आधीच्या दुरुस्तीत. ढोलावर पाचच तुकडे असतात आणि तो तासात दोनदा फिरतो; अर्ध्या तुकड्याने सरकला तरी सगळी धून बिघडते. बरोबर बसला आहे का हे तपासायला सवा पुरे: ग रे सा प़, वरून खाली सरळ उतरलं पाहिजे. ठोके चुकत असतील तर तासकाटा तेवढा हाताने फिरवून ठोक्यांच्या आकड्यावर आणा, मिनिटकाटा नाही.

तीन धुनांची घड्याळं क्वचित मिळतात: वेस्टमिन्स्टर, व्हिटिंग्टन आणि सेंट मायकल किंवा विंचेस्टर. व्हिटिंग्टनला आठ सूर लागतात, म्हणून आठ दांड्या. ऐकायला गोड, पण वेळ ओळखायला वेस्टमिन्स्टरएवढी सोपी नाही. धून वाजत असताना ती बदलायचा खटका कधीही सरकवू नका, ढोल बाजूला सरकतो आणि हातोड्यांच्या शेपट्या वाकतात. पावाच्या पाच-सात मिनिटांनंतर, सगळं शांत असताना सरकवा.

हातोडी निवांत असताना दांडीपासून साधारण ३ मिलिमीटर दूर हवी. टेकलेली असेल तर ठोका ‘थड’ असा मुका येतो. हातोडीची तार हलकेच मागे वाकवा. हातोडीचं चामडं वर्षांनुवर्षांत कडक होतं आणि आवाज टोचायला लागतो, ते सुईने टोचून मऊ करता येतं. दांड्यांना उघड्या बोटांनी हात लावू नका, घामाचे ठसे गंजतात. आणि सूर लावायला म्हणून दांडी कापू नका, कापली की सूर चढतो आणि परत उतरत नाही.

जुनं घड्याळ विकत घेऊन आणताना सगळ्यांत जास्त नुकसान रस्त्यात होतं. दांड्या ठोकळ्यापाशी बारीक केलेल्या असतात आणि तिथेच मोडतात. आधी लोलक काढून वेगळा घ्या. दांड्यांच्या मधून मऊ कापडाची घडी सरकवा, हातोड्या सुती दोऱ्याने हलक्या बांधा, पेटी उभीच ठेवा आणि एसटीच्या मागच्या सीटवर नाही, पुढे मांडीवर. घरी भिंतीला टांगून झालं की आधी दोरा सोडा, मग कापड काढा, आणि चावी त्यानंतर द्या.